दहा टनांवरची गिरकी

दुसऱ्या गिरकीला स्नेहल पडायची ती नेमाने डावीकडे. पहिली गिरकी अशी सुबक यायची, जणू वरून कुणी दोरीला धरून फिरवतंय. दुसरी सुरू व्हायची, निम्म्यावर पोचायची आणि शोकेसमधल्या काचेच्या हंसांपैकी एक कमी व्हायचा. दिवाळीत सहा हंस होते. जानेवारी लागला तेव्हा दोन उरले होते, तेही एकमेकांकडे पाठ करून, आपला नंबर कधी येतो याची वाट बघत बसल्यासारखे.

प्रश्न हंसांचा नव्हता. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी पुण्यात बॅलेची परीक्षा होती, इंटरमीजिएटची. परीक्षक बाई परदेशातून वर्षात एकदाच यायच्या. त्यांच्यापुढे पायाच्या बोटांच्या टोकावर चढून सलग दोन गिरक्या घ्यायच्या आणि वर तीन ठेके तसंच थांबायचं. सोमाटण्यात हे कुणाला समजावून सांगायचं तर स्नेहलची आई राजेश्वरी म्हणायची, "बोटांवर उभं राहायचं असतं." त्यावर लोक विचारायचे, "कशासाठी?" या प्रश्नाचं उत्तर तिला सहा वर्षांत सापडलं नव्हतं.

"या वेळी नाही झालं तर बास," सोळा वर्षांची स्नेहल जेवताना म्हणाली. "बूट प्रतीक्षाच्या बहिणीला देऊन टाकते. तिला गॅदरिंगमध्ये परी व्हायचंय."

आणि तिने काकडीची चकती उचलली.

रडली असती, ताट सारलं असतं, तर राजेश्वरीने मनावर घेतलं नसतं. पण काकडी खात खात सोडलेली गोष्ट कायमची सुटते, हे तिला माहीत होतं. तीस वर्षांपूर्वी लोणावळ्यात, बरोब्बर याच परीक्षेच्या आधी, तिने स्वतःचे बूट असेच शांतपणे ट्रंकेत ठेवले होते. कुणी मना केलं नव्हतं. बॅले शिकवणाऱ्या खुर्शीद मिस बहिणीकडे नवसारीला राहायला गेल्या, बंगला विकला गेला, क्लास संपला. कुणी मना केलं नाही, त्यामुळे कुणावर रागावताही आलं नाही, आणि तो न आलेला राग अजून कुठेतरी ट्रंकेतच पडून होता.

ते असो. राजेश्वरीने त्या रात्री विचार करून निदान केलं: पोरीचं काही चुकत नाही, फरशी चुकते.

या निदानाला आधार होता. खुर्शीद मिसचा क्लास त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात चालायचा. तिथे सागवानी फळ्या होत्या, खाली पोकळ. पाय टेकला की फळी जरा दबायची आणि मग तुम्हाला अदबीने वर उचलून द्यायची. त्या पोकळीत एका कुत्रीने एकदा पिल्लं घातली होती, आणि मुलींनी उडी मारली की खालून पाच पिल्लं ओरडायची. मिस म्हणायच्या, "बघ डिकरी, चांगली उडी मारशे तर कुत्रे पन टाळी देशे." आणि त्यापुढे आताच्या घरातल्या, चौथ्या मजल्यावरच्या चकचकीत फरश्या. त्या दबत नाहीत, उचलून देत नाहीत, नुसता आवाज करतात.

आवाजाबद्दल खालच्या मजल्यावरची अमिना आधी तीनदा आली होती. भांडायला नव्हे, अमिनाला भांडता येत नसे, ती फक्त बातमी द्यायची.

"भाभी, काल छताचा पोपडा पडला."

"अगं बाई. कुठे?"

"फोडणीत. खाल्लं आम्ही. मेहबूब म्हणाला, हिंग जास्त झालाय."

मग सोसायटीची नोटीस लागली: 'सदनिकेत नाल ठोकलेली पादत्राणे वापरू नयेत.' राजेश्वरी बूट घेऊन सेक्रेटरींकडे गेली. बाहेरून गुलाबी साटीन, आत कागद, गोणपाट आणि खळ यांचे थर देऊन कडक केलेला पंजा. नाल कुठेही नाही. सेक्रेटरींनी बूट नाकापासून लांब धरून तपासला, परत केला आणि विचारलं, "मुलगी कुठल्या दिशेने फिरते?"

"उजवीकडे."

"म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने. मग धार्मिक हरकत नाही. पण फिरायचं बाहेर."

बाहेर म्हणजे गावचं समाजमंदिर. मोठा हॉल, सकाळी रिकामा. राजेश्वरी ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकांनी फॉर्म पुढे केला. 'वापराचे कारण' याखाली रकाने होते: लग्न, साखरपुडा, दशक्रिया, भजन, आरोग्य शिबिर, महिला शिलाई प्रशिक्षण.

"नाच," राजेश्वरी म्हणाली.

"नाचगाण्याला पोलिसांचा ना हरकत दाखला लागतो, मॅडम. आणि दहाच्या आत बंद."

"सकाळी आहे. आणि गाणं कुणी म्हणणार नाही."

"नुसताच नाच?" ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवलं. "त्याला रकाना नाही."

"मग व्यायाम लिहा."

"व्यायामाला तालीम आहे. तिथे लेडीज अलाउड नाही. किती लोक?"

"एक. माझी मुलगी."

"एक माणूस म्हणजे तसा दशक्रियेचाही प्रश्न येत नाही," ते स्वतःशीच म्हणाले. मग माणूस चांगला म्हणून त्यांनी विचारलं, "ती पोरगी तिथे शिवते वगैरे काही का?"

खोटं बोलायचं नाही असं राजेश्वरीने ठरवलं होतं, आणि ती बोललीही नाही. बुटांच्या रिबिनी हातानेच शिवाव्या लागतात. पायाच्या मापाने, दुहेरी दोऱ्याने, आणि गिरकीचं निम्मं यश त्या टाक्यांवर असतं. "शिवते ना," ती म्हणाली. ग्रामसेवकांनी शिलाई प्रशिक्षणावर बरोबरची खूण केली. शिक्का बसला. त्या शिक्क्याची एक प्रत नियमाप्रमाणे फलकावरही लागली, हे राजेश्वरीला नंतर समजलं.

आता जमीन. समाजमंदिरातही फरशीच होती. अमिनाच्या नवऱ्याचं, मेहबूबचं, जुन्या हायवेवर, सोमाटणे फाट्याला, ट्रकच्या स्प्रिंगांचं, म्हणजे कमानपाट्यांचं, दुकान होतं. अमिनाच्या छताखातर तो म्हणाला, "भाभी, सांगा फक्त. काय पाहिजे?"

राजेश्वरीने हाताने दाखवलं. "लाकडाचा चौथरा. पाय पडला की जरा दबला पाहिजे, मग उचलून दिलं पाहिजे."

मेहबूबचे डोळे चमकले. आयुष्यभर माणसांनी त्याला ट्रकच आणून दिले होते.

चार दिवसांनी चौथरा आला. दहा फूट बाय दहा, वर जाड प्लाय, खाली चार कोपऱ्यांना चार कमानी, प्रत्येकीत काळेभोर नऊ पाटे. टेम्पोतून उतरवायला आठ माणसं लागली. राजेश्वरीचा नवरा कैलास तळेगावच्या कारखान्यात मालाची तपासणी करायचा; तो मोजमापाचं घड्याळ घेऊन आला आणि चौथऱ्याखाली आडवा झाला. स्नेहल वर चढली. हलली. उडी मारली.

"शून्य," खालून कैलास म्हणाला.

"किती वजन ताईचं?" मेहबूबने विचारलं.

"बेचाळीस किलो."

मेहबूबने मान हलवली. "दहा टनाला बांधलंय, भाभी. रिकामा ट्रकपण असाच कडक चालतो. माल भरल्याशिवाय कमान बोलत नाही."

"पाटे काढता येतील?"

"येतील की." आणि त्याने जे तोंड केलं ते बघून राजेश्वरीने विषय सोडला. त्याने ती कमान नवीन टाकली होती.

म्हणून माल भरायचं ठरलं. परंदवडीहून राजेश्वरीच्या सासूबाई, शालूबाई, इंद्रायणी तांदळाची पोती घेऊन टेम्पोत पुढच्या सीटवर बसून आल्या. तांदूळ त्यांचा, त्यामुळे तो कुठे ठेवला जातोय ते बघायला त्या स्वतः येणारच होत्या. बावीस पोती कडेने रचली. चौथरा किंचित खाली गेला. स्नेहलने पाय ठेवला आणि लाकडातून बारीकसा हुंकार आला. राजेश्वरी जागच्या जागी थांबली. तो व्हरांड्याचा आवाज होता. पिल्लं तेवढी कमी होती.

"एक पूर्णांक दोन मिलिमीटर," कैलास म्हणाला, आणि लग्नानंतर प्रथमच राजेश्वरीला मिलिमीटर हा शब्द गोड वाटला.

सोमवारी सकाळी सात वाजता समाजमंदिरात अकरा बाया आल्या. हातात पिशव्या, पिशव्यांत कापड, दोऱ्याची रिळं आणि कात्र्या. फलक वाचून आल्या होत्या. त्यांच्या पुढारी सारिका, गावच्या बचत गटाच्या अध्यक्ष, म्हणाल्या, "मशीन कुठंयत?"

खरं सांगावं तर शिक्का जातो. खोटं सांगावं तर मशीन आणावी लागतात. शेवटी ती म्हणाली, "आधी हाताची शिलाई."

अकरा जणींना बसायला जागा पाहिजे होती. त्या चौथऱ्याच्या कडेने, पोत्यांना टेकून बसल्या. वजन वाढलं तशी कमान आणखी बोलू लागली, आणि मेहबूबने येऊन बघितल्यावर सांगितलं की आता गाडी बरोबर भरली, यातली एकही बाई कमी करू नका. अशा रीतीने बॅलेच्या इतिहासात बहुधा प्रथमच एक मुलगी अकरा बायका आणि अकरा क्विंटल तांदळाच्या मधोमध पायाच्या बोटांवर उभी राहू लागली. राजेश्वरी बायांना दुहेरी टाका शिकवायची आणि मधून मधून मुलीकडे बघून म्हणायची, "पोट आत. हात लवकर मीट. टाच टेकलेली ठेव, मग एकदम वर." त्यांतल्या एकीने पोट आत घेऊन टाका घातला.

गुरुवारी तालुक्याहून प्रशिक्षणाची पाहणी करायला एक साहेब आले. ते दारात दोन मिनिटं उभे राहिले. स्नेहल एका पायाच्या टोकावर, दुसरा पाय गुडघ्याशी दुमडलेला. भोवती बाया मान खाली घालून तुरपाई करतायत. त्यांनी वहीत लिहिलं: 'उपस्थिती समाधानकारक. मशीन संख्या शून्य. मध्यभागी प्रतिकृती उभी केली आहे.' एवढ्यात प्रतिकृती खाली उतरली आणि पाणी प्यायली. साहेबांनी ती ओळ खोडली.

एवढं सगळं होऊनही दुसरी गिरकी डावीकडे पडत होती. राजेश्वरीची मान आखडली होती, उजव्या बाजूने; कैलास रोज बाम चोळायचा आणि उशी बदलू म्हणायचा. परीक्षेला दहा दिवस उरले.

"आई, जाऊ दे ना," स्नेहल एका सकाळी रिबिनी बांधता बांधता म्हणाली. तोच काकडीचा आवाज. "सगळे किती करतायत. मला लाज वाटते."

"एकदा. हळूच. सारिका मॅडम, जरा थांबा, सगळ्या बघू या."

अकरा जणींनी सुया खोचून ठेवल्या. शालूबाई दाराशी खुर्ची टाकून तांदळावर लक्ष ठेवून बसल्या होत्या. राजेश्वरी नेहमीप्रमाणे मुलीच्या अगदी समोर, कडेला टेकलेली. स्नेहल वर चढली. पहिली गिरकी आली, स्वच्छ, दोरीला धरल्यासारखी. दुसरी निघाली. अकरा बायांनी श्वास ओढला, जीव मुठीत धरला, आणि पोरीला सावरावं म्हणून जिकडे ती पडते तिकडे आधीच कलल्या. अकरा बायांचं वजन एका बाजूला गेलं. दहा टनांची कमान, जी आजवर मिलिमीटरने बोलत होती, ती आता मोकळेपणाने बोलली. चौथरा कलला. वरची पोती सुटली. स्नेहल, सारिका, कात्र्या आणि इंद्रायणी तांदूळ एकाच वेळी डावीकडे निघाले आणि तिकडेच घसरलेल्या राजेश्वरीच्या मांडीवर थांबले.

कुणाला लागलं नाही. लागलं ते फक्त राजेश्वरीला, आणि तेही दिसेल असं कुठे नाही. तिच्या केसांत तांदूळ होते, पदरावर कुणाचं तरी अर्धवट झबलं होतं. आता निदान सासूबाईंनी तरी काही बोलू नये एवढीच तिची इच्छा होती.

"पोरीला काय झालं न्हाई," शालूबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या. "पोरगी नीट फिरती. तू हालतीस."

"मी? मी बसलेली असते, आत्याबाई."

"बसून हालतीस. आठ दिस मी तांदूळ बगत न्हाई, तुला बगती. बैलगाडा सुटला की घाटावरची मानसं कशी समदी वाकडी व्हत्यात? बैल सरळ पळतोय, अन् ह्ये बगनारे गटारात. तशी तू. पोरगी दुसऱ्यांदा फिरून आली की तू उजव्या अंगाला कलतीस. तुजी उजवी ती तिची डावी. मंग ती तुज्याबरूबर येती."

राजेश्वरीने हळूच मानेला हात लावला, उजव्या बाजूला.

"स्नेहल," तिने विचारलं, "गिरकी घेताना तू काय बघतेस?"

नजर हा गिरकीचा जीव. डोळे समोरच्या एका खुणेवर रोवायचे. अंग फिरत राहतं, पण डोकं सगळ्यांच्या शेवटी निघतं आणि सगळ्यांच्या आधी परत पोचतं. खूण हलली की माणूस पडलाच. हे पुण्याच्या क्लासच्या मॅडम दर आठवड्याला सांगायच्या, आणि तिथेही राजेश्वरी दारापाशी स्टुलावर बसलेली असायची.

स्नेहल तांदूळ झटकत होती. "तुलाच बघते," ती म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, न हलणारं काहीतरी बघ."

राजेश्वरीने तांदूळ भरायला घेतले. पोतं भरता भरता तिला तीस वर्षांत प्रथमच आठवलं की ती स्वतः काय बघायची.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने लोणावळ्याला गेली. बंगल्याच्या जागी रिसॉर्ट होतं, व्हरांड्याच्या जागी प्लास्टिकची घसरगुंडी असलेला पोहण्याचा तलाव. पण रस्त्यापलीकडचा चिक्कीवाला तिथेच होता. पाटी मात्र दिव्यांची झाली होती, रंग बदलणारी. तिच्याकडे बघून गिरकी घेणारी पहिल्याच फेरीत पडली असती. गल्ल्यावरचे काका सत्तरीचे होते.

"जुनी पाटी?" त्यांनी चष्मा वर केला. "पिवळी, पत्र्याची? तुम्ही समोरच्या पोरींतल्या का, गोल गोल फिरणाऱ्या?"

"हो. मी रेल्वेतल्या गार्डसाहेबांची मुलगी."

"पडायचात फार." काका हसले. "तुमच्या मिस दर दसऱ्याला येऊन आमच्या वडलांना दम द्यायच्या. म्हणायच्या, शेंगदाण्याच्या 'शें'चा ठिपका फिका झाला, मारी डिकरी लोक पडते. वडील बिचारे रंगाऱ्याला बोलवायचे. आख्ख्या लोणावळ्यात आमच्या दुकानाचा अनुस्वार सगळ्यांत ठळक."

राजेश्वरीला वाटायचं, ती खूण फक्त तिची होती. दुसऱ्या गिरकीला डोळे परत यायचे ते त्या काळ्या ठिपक्यावर, आणि ठिपका असायचाच. तो असावा म्हणून कुणी दर वर्षी रस्ता ओलांडून भांडत होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पाटीचे दोन तुकडे करून आत कारखान्यात चिक्कीचे ट्रे गार करायला ठेवले होते. 'गदाणा' देता येणार नाही, काका म्हणाले, त्यावर आत्ता माल आहे. 'शें' घेऊन जा. सोबत त्यांनी अर्धा किलो चिक्की बांधली, आणि पाटीला खालून गूळ चिकटलाय, मुंग्यांना सांभाळा, असं बजावलं.

'शें' समाजमंदिराच्या भिंतीवर लागला. चौथरा सपाट करून पोती पुन्हा रचली, बायांना सक्त ताकीद मिळाली की गिरकी सुरू झाली की टाक्याकडे बघायचं. राजेश्वरी बाहेर पायरीवर जाऊन बसली. आयुष्यात इतकं अवघड काही तिने केलं नव्हतं. आतून आवाज यायचे: बुटाचा एक ठक, मग साटीनची सरसर, मग बहुतेक वेळा धप्प. तिसऱ्या दिवशी धप्प उशिरा आलं. पाचव्या दिवशी पाचांतून दोनदा आलंच नाही.

परीक्षेच्या शनिवारी पुण्यातल्या त्या इमारतीत दार बंद झालं. आयांनी बाहेर थांबायचं. आतल्या भिंती कोऱ्या असतात हे राजेश्वरीला माहीत होतं. ना आई, ना पाटी. ती बाकावर बसली. पियानो थांबला. ठक. सरसर. सरसर.

मग काहीच नाही.

एक, तिने मोजलं. दोन. शेजारच्या सहा आया श्वास रोखून दाराच्या बाजूला कलल्या होत्या, जणू घाटावर बसल्यात. राजेश्वरी एकटी ताठ बसून होती, आणि त्यासाठी तिने बाक दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तीन. आणि मग बूट खाली टेकल्याचा आवाज आला, मऊ, अदबीचा.

स्नेहल बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती.

"काय बघितलंस?" राजेश्वरीने विचारलं.

"भिंतीवर एक खिळा होता. मी त्याला 'शें' म्हटलं." तिने पिशवीत हात घातला. "चिक्की उरलीय का?"

निकाल एप्रिलमध्ये आला आणि पास आला. पण तोवर प्रतीक्षाच्या बहिणीने गॅदरिंगला परीऐवजी झाड व्हायचं कबूल केलं होतं. मेहबूबचा चौथरा समाजमंदिरातच राहिला. त्यावर आता लग्नात नवरा-नवरी बसतात, आणि जेवणं झालेले पाहुणे भेटायला वर चढू लागले की जोडी अदबीने खाली जाते. शिलाईला दोन मशीन मंजूर झाली. 'शें' राजेश्वरीने घरी आणून शोकेसच्या वर लावला.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. राजेश्वरीने पदर खोचला, अनवाणीच, पाय मांडला. पोट आत. हात लवकर. डोकं शेवटी. पहिली गिरकी झाली आणि डोळे परत आले ते नेमके ठिपक्यावर. दुसरी निम्म्यावर गेली, आणि शोकेसमध्ये एकच हंस उरला.

खालून अमिनाची हाक आली. "स्नेहल? कॉलेज नाही का गं आज?"

राजेश्वरी फरशीवर बसली होती, सत्तेचाळीस वर्षांची, हातात हंसाची मान घेऊन. खोटं बोलायचं नाही असं तिचं ठरलेलंच होतं.

"स्नेहल नाही, अमिना," ती म्हणाली. "मी आहे."

खाली फोडणीची चरचर थांबल्यासारखी वाटली.

"थांबा भाभी," अमिना म्हणाली. "कढईवर झाकण ठेवते. मग होऊ द्या."